'येतलंय मा, सिस्टर'

लसीकरणाच्या सत्राआधी आमच्या उपकेंद्रात ड्यू लिस्ट तयार होते. कुठल्या बाळाची कुठली लस बाकी आहे त्याची यादी. आशाताई घरोघर फिरून ती लिहून आणतात, मी रजिस्टरशी ताडून बघते, आणि सत्र संपलं की काही नावांपुढे खूण नसते. ही नावं पुढे आढावा बैठकीत जातात आणि तिथे कुणीतरी हमखास विचारतं, "हे लोक लसीला विरोध का करतात?" हा प्रश्न ऐकला की मला गप्प बसवत नाही, कारण त्या नावांमागची माणसं मी ओळखते. विरोध करणारं त्यात एखादंच घर. बाकीच्यांना लस हवी असते. तो दिवस त्यांना जमत नाही, किंवा जमेल जमेल म्हणता निघून जातो.

मी देवगड तालुक्यात आरोग्यसेविका आहे. गावाचं नाव लिहीत नाही, कारण इथे प्रत्येक घर प्रत्येक घराला ओळखतं आणि ज्यांच्याबद्दल लिहिणार आहे त्यांना विचारून लिहिलेलं नाही. या लेखात काही मोठ्या अभ्यासांचे आकडे येतील. ते वाचायची सवय एका प्रशिक्षणानंतर लागली. तिथे एका डॉक्टरांनी 'नज' ही कल्पना समजावून सांगितली होती. माणसावर सक्ती करायची नाही, त्याचा कुठलाही पर्याय काढून घ्यायचा नाही; फक्त जे त्याच्या भल्याचं आहे ते करणं सोपं होईल अशी मांडणी करायची. या विचाराचे एक प्रवर्तक रिचर्ड थेलर यांना २०१७ साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. त्या दिवशी मला सगळ्यात जवळचं वाटलं ते मात्र फार जुनं उदाहरण होतं.

अमेरिकेतल्या येल विद्यापीठात १९६५ मध्ये प्रसिद्ध झालेला प्रयोग. शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना धनुर्वाताची लस घ्यायला लावायची होती. काहींना धनुर्वात किती भयंकर असतो याची अंगावर काटा आणणारी माहिती दिली, काहींना सौम्य माहिती दिली. घाबरलेले विद्यार्थी म्हणाले, होय, लस घ्यायलाच हवी. प्रत्यक्षात घेतली जेमतेम ३ टक्क्यांनी. मग काही जणांना त्या माहितीबरोबर विद्यापीठाचा नकाशा दिला, त्यावर आरोग्य केंद्राभोवती गोल काढलेला, आणि सांगितलं की आठवड्यातला आपला वेळ बघा, कधी आणि कुठल्या वाटेने जाल ते ठरवा. त्यांच्यातल्या २८ टक्क्यांनी लस घेतली. आरोग्य केंद्र कुठे आहे हे त्या मुलांना आधीपासून माहीत होतं. नकाशाने नवीन काही सांगितलं नाही, पण 'घ्यायला हवी'चं 'गुरुवारी लेक्चर संपल्यावर जाईन' झालं.

आमच्या विभागाची भिंतीवरची पोस्टरं बहुतेक पहिल्या प्रकारची असतात. माझी सगळी धडपड दुसऱ्या प्रकारासाठी चालते.

एप्रिल महिना घ्या. देवगडात एप्रिलमध्ये कुणाला मान वर करायला फुरसत नसते. पहाटे आंबा काढायचा, निवडायचा, पेट्या भरायच्या, गाडी गेली की पुढच्या दिवसाची तयारी. अशाच एका घरात नऊ महिन्यांच्या मुलीचा गोवर-रुबेलाचा डोस बाकी होता. आई खळ्यात बसून आंबे निवडत होती, दोन्ही हात चिकाने माखलेले, मुलगी शेजारी गोणपाटावर. मी उभी राहिले तशी ती हसून म्हणाली, "येतलंय मा, सिस्टर. ह्या मंगळवाराक नाय जमला, फुडच्या मंगळवाराक येतलंय." हे 'येतलंय' खोटं नसतं. बोलताना तिला खरंच यायचं असतं. पण पुढच्या मंगळवारीही आंबा असणार, गाडी असणार, आणि सासूबाई गुरं घेऊन सड्यावर, वरच्या माळावर, गेलेल्या असणार.

पूर्वी मी "ये हां नक्की" म्हणून पुढे जायचे, सगळेच जातात. आता मी तिथेच बसते आणि विचारते. कुठल्या गाडीने येणार? साडेदहाची एसटी पकडायची तर घरातून कितीला निघायचं? पेटीची गाडी त्याच्या आधी जाते की नंतर? मुलीला कडेवर कोण घेणार, सोबत कोण? हे बोलता बोलता तिच्याच लक्षात आलं की मंगळवारी पेटीची गाडी साडेनऊला जाते आणि नंतर थोडा वेळ मोकळा असतो. मी तिच्या कार्डावर, मागच्या बाजूला, पेनाने लिहिलं: मंगळवार, साडेदहाची एसटी, सोबत जाऊबाई. कार्ड तिने देवाच्या फोटोमागे ठेवलं. त्या मंगळवारी ती आली. त्यानंतरच्या डोसला वेळेवर आली नाही, कारण माहेरी मयत झालं होतं; पण दोन दिवसांनी तिनेच फोन करून विचारलं, आता कधी येऊ. सत्यनारायणाची पूजा आपण 'कधीतरी घालू' म्हणत राहिलो तर ती होत नाही, भटजींना तारीख दिली की होते. लसीचंही तसंच.

हे केवळ माझं मत नाही. अमेरिकेत एका मोठ्या कंपनीच्या कर्मचाऱ्यांना फ्लूच्या लसीची पत्रं पाठवली होती. काहींना फक्त शिबिराच्या तारखा कळवल्या, काहींच्या पत्रात आपण येणार ती तारीख आणि वेळ स्वतः लिहायला रिकामी जागा ठेवली. पहिल्या गटात ३३ टक्के लोकांनी लस घेतली, तारीख आणि वेळ लिहिणाऱ्या गटात ३७ टक्क्यांनी. नुसती तारीख लिहायला सांगितली तर म्हणण्यासारखा फरक पडला नाही. वेळही लिहावी लागली. चार टक्के म्हणजे काय मोठं, असं एका सहकाऱ्याने मला विचारलं होतं. ड्यू लिस्ट हातात घेऊन फिरणाऱ्या बाईला विचारा. शंभर बाळांमागे चार बाळं, आणि खर्च एका पेनाच्या शाईचा.

दुसरा एक प्रयोग मला फार उपयोगी पडला. २०२० मध्ये, पुन्हा अमेरिकेतच, डॉक्टरांकडे येणार असलेल्या रुग्णांना फ्लूच्या लसीबद्दल एकोणीस वेगवेगळ्या प्रकारचे मेसेज पाठवून बघितले. सर्वांत चांगला चालला तो अगदी साधा: तुमच्यासाठी लस राखून ठेवली आहे. त्या मेसेजमुळे लस घेणाऱ्यांचं प्रमाण साधारण ११ टक्क्यांनी वाढलं. मी हे वाचल्यावर आमच्या आशाताईंना सांगितलं की 'उद्या लसीकरण आहे, या' असं म्हणू नका. 'उद्या तुमच्या झिलाचो (मुलाचा) डोस काढून ठेवलेलो आसा' असं म्हणा. आणि ते खरंच असतं. गोवर-रुबेलाची पाच डोसांची कुपी एकदा उघडली की चार तासांत वापरावी लागते, म्हणून आम्ही किती बाळं येणार ते मोजूनच लस मागवतो. जे बाळ येणार म्हणून धरलेलं आहे त्याचा डोस वाहकपेटीत, म्हणजे लस थंड ठेवून नेण्याच्या पेटीत, असतोच. खोटं बोलून कुणाला बोलवायचं नाही हे मी पहिल्यापासून ठरवलेलं आहे. गावात एकदा खोटं पकडलं गेलं की पुढची दहा वर्षं खरं सांगूनही कुणी ऐकत नाही.

आता तापाबद्दल, कारण माझ्या अनुभवात सगळ्यात जास्त बाळं इथे सुटतात. दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांना पेंटा ही पाच आजारांवरची एकत्र लस देतात. पहिल्या पेंटानंतर बऱ्याच बाळांना ताप येतो, मांडी सुजते, रात्रभर रडतात. बाळंतिणीला मुळात झोप नसते, त्यात ही रात्र. सकाळी सासू म्हणते, चांगल्या पोराला सुई टोचून आजारी पाडलंत. अडीच महिन्याला ते घर येत नाही. मी गेले की ऐकायला मिळतं, "पोराक ताप इलो, रातभर कोण निजाक नाय. तुमी आदी सांगलास नाय." या तक्रारीत शेवटचं वाक्य महत्त्वाचं आहे. राग तापाचा नसतो, अचानक आलेल्या तापाचा असतो.

आम्हाला चार गोष्टी सांगायला शिकवलेलं असतं: कुठली लस दिली, तिने काय त्रास होऊ शकतो, पुढची तारीख कोणती, आणि कार्ड जपून ठेवा. दुसरी गोष्ट गर्दीत घाईघाईने उरकली जाते. मी ती आता सासूसमोर सांगते. आई एकटी आली असेल तर फोन लावून सासूशी बोलते. आज रात्री अंग गरम होईल, ते एक-दोन दिवसांत उतरतं, तापाचं औषध एवढं द्यायचं, मांडी चोळायची नाही, अंगावर पाजत राहायचं, आणि ताप उतरला नाही किंवा बाळ सुस्त वाटलं तर मला लगेच फोन. संध्याकाळी आशाताईचा फोन जातो: "ताप इलो काय? घाबरा नको." सांगितलेला ताप आला की ती सासूच शेजारणीला सांगते, "येता तो ताप, सिस्टरान सांगल्यानी हुता." आमच्या वाडीत दुसऱ्या पेंटाची गळती कमी झाली ती या संध्याकाळच्या फोनने, असं मी ठामपणे म्हणेन.

बक्षिसांबद्दल लोक मला विचारतात. भारतातला सर्वांत प्रसिद्ध प्रयोग राजस्थानातल्या उदयपूर जिल्ह्यातला. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सेवा मंदिर या संस्थेबरोबर तो केला आणि २०१० मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. बॅनर्जी आणि डुफ्लो यांना पुढे २०१९ मध्ये नोबेल मिळालं. १३४ गावं होती. काही गावांत काहीच बदल केला नाही. तिथे पूर्ण लसीकरण झालेली मुलं ६ टक्के निघाली. काही गावांत दर महिन्याला ठरल्या दिवशी न चुकता शिबिर भरवलं; तिथे १८ टक्के. आणि काही गावांत शिबिराबरोबर प्रत्येक डोसमागे एक किलो डाळ आणि सगळे डोस पूर्ण झाले की ताटांचा संच दिला. तिथे ३९ टक्के.

वर्तमानपत्रात याची 'डाळ दिली की लस घेतात' अशी बातमी होते. मला त्यातला मधला आकडा जास्त बोलका वाटतो. सहावरून अठरा, म्हणजे तिप्पट, आणि तेही नर्स ठरल्या दिवशी ठरल्या जागी हजर राहिली एवढ्याने. आमच्या इथेही पावसाळ्यात ओढ्याला पाणी आलं आणि सत्र रद्द झालं की पुढच्या सत्रालाही माणसं कमी येतात. पायपीट करून आलेली बाई बंद दार बघून परत गेली तर पुढच्या वेळी ती गुरं सोडून का येईल? म्हणून सत्र रद्द होणार असेल तर आदल्या रात्री प्रत्येक घरी निरोप गेलाच पाहिजे, याबाबतीत मी फार कडक आहे.

डाळीचा आणखी एक हिशेब मला नर्स म्हणून लगेच पटला. डाळ वाटूनसुद्धा एका बाळामागचा खर्च निम्म्यावर आला, कारण नर्स दिवसभर बसणारच असते. तीन बाळं आली काय आणि तीस आली काय, तिचा पगार, गाडी, बर्फाच्या पिशव्या तेवढ्याच. वाहकपेटी मांडून बसलेल्या आणि रिकाम्या वाटेकडे बघणाऱ्या कुठल्याही सिस्टरला हे सांगावं लागत नाही. मात्र डाळ दिल्यावरही साठ टक्क्यांहून जास्त मुलं राहिलीच, हेही त्याच आकड्यात आहे.

कोविडच्या वर्षात यातलं बरंच काही मोठ्या प्रमाणावर बघायला मिळालं. १ मार्च २०२१ ला साठीच्या पुढच्यांना लस सुरू झाली, १ एप्रिलला पंचेचाळिशीच्या पुढच्यांना, १ मेपासून अठरा वर्षांवरच्या सगळ्यांना. अठरावाल्यांना आधी ऑनलाइन नोंदणी करावी लागे. ज्या वाडीत फोन करायला सड्यावर चढावं लागतं तिथल्या पोराने मोबाइलवर स्लॉट कसा पकडायचा? सड्यावरून खाली येईपर्यंत सगळे भरलेले असत, आणि आमच्या केंद्रावर लांबून गाड्या करून आलेली अनोळखी माणसं रांगेत उभी असत. त्यांचा राग करावा असं काही नव्हतं, त्यांनाही लस हवी होती. पण सोपं करण्याच्या नेमकं उलट काय असतं ते तेव्हा दिसलं. त्यातच मेच्या मध्यावर तौक्ते चक्रीवादळ आलं. वीज गेली, झाडं पडली, आणि आमचं लक्ष लसीचा शीतपेटीतला साठा दोन ते आठ अंशांच्या आत राहतो की नाही यावर. त्या दिवसांत कुणाला प्रवृत्त करण्याचा प्रश्नच नव्हता. लस कमी आणि माणसं जास्त होती.

प्रश्न पुढे आला, दुसऱ्या डोसच्या वेळी. मेमध्ये कोविशिल्डच्या दोन डोसांतलं अंतर १२ ते १६ आठवड्यांचं झालं. एवढ्या काळात लाट ओसरली, भीती ओसरली, आणि नारळी पौर्णिमा होऊन होड्या समुद्रात गेल्या. खलाशी पहाटे जाणार, काही बोटी चार-चार दिवस परत येत नाहीत. त्यांना सकाळी दहा ते पाच या वेळेत शाळेत बोलावून उपयोग काय? तेव्हा आमच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांनी सत्र बंदरावर नेलं, मासे उतरण्याच्या वेळेला. लिलावाच्या गोंगाटात, बर्फाच्या क्रेटांच्या शेजारी टेबल मांडलं. तांडेल, म्हणजे बोटीचा प्रमुख, आधी बसला. तो बसला म्हणून त्याच्या बोटीवरचे सगळे बसले. कुणाला समजावून सांगावं लागलं नाही.

गणपतीचा मोठा हात लागला. त्या वर्षी १० सप्टेंबरला चतुर्थी होती. मुंबईत १५ ऑगस्टपासून दोन डोस घेऊन चौदा दिवस झालेल्यांना लोकलचा प्रवास खुला झाला होता, त्यामुळे बरेचसे चाकरमानी दोन्ही डोस घेऊन आले होते. जी म्हातारी मला उन्हाळाभर "माका काय्येक होना नाय, माका नको" म्हणत होती, ती आरतीनंतर झिलाने एकदा सांगितल्यावर दुसऱ्या दिवशी त्याच्या स्कूटरवर मागे बसून आली. मला त्याचं वाईट वाटलं नाही. तिच्या दृष्टीने मी सरकारची, तो तिचा. सांगणारा कोण यावर ऐकणं ठरतं, आणि मुंबईच्या झिलाएवढं वजन आमच्याकडे कुणाच्याच शब्दाला नाही.

मग दसरा. ७ ऑक्टोबरला, घटस्थापनेला देवळं पुन्हा उघडली होती. दसऱ्याच्या सोन्यासाठी सगळा गाव देवळासमोर जमला. आमच्या गावकरांनी, म्हणजे गावाच्या मानकऱ्यांनी, देवाला गाऱ्हाणं घातलं. नेहमीचं सगळं झालं: पीकपाणी, गुरंढोरं, मुंबैत असलेली लेकरं. आणि मग, कुणी सांगितलेलं नसताना, त्यांनी भर घातली, "...आणि ही जी महामारी इली हा, तिच्यावरची सुई घेवक सगळ्यांका बळ दी, कोणाच्या मनात भय असात तर ता काढून टाक रे म्हाराजा!" सगळ्या गावाने एका आवाजात म्हटलं, "व्हय म्हाराजा!" मी बायकांच्या बाजूला उभी होते आणि अंगावर शहारा आला. त्या आठवड्यात शाळेतल्या सत्राला रांग लागली. सगळ्यांसमोर 'व्हय' म्हटल्यावर माणूस आपल्या शब्दाला जागतो, आणि आजूबाजूच्या सगळ्यांनीही 'व्हय' म्हटलंय हे त्याने ऐकलेलं असतं. हे कुठल्याही पुस्तकातून आलं नव्हतं. गावकरांना ते आपसूक माहीत होतं.

आजूबाजूचे काय करतात ते दिसणं ही ताकदीची गोष्ट आहे. पल्स पोलिओत डाव्या करंगळीवर लावलेली शाई आम्ही कुठलं मूल सुटलं ते कळावं म्हणून लावत असू. पण मुलं ती एकमेकांना दाखवत फिरत आणि ज्याच्या बोटावर शाई नाही ते घरी जाऊन आईच्या मागे लागे. सिएरा लिओनमध्ये लस वेळेवर घेणाऱ्या बाळांच्या मनगटात रंगीत पट्टा घातला, तर आयांनी डोस पूर्ण करण्याचं प्रमाण वाढलं. पट्टा दिसला की गावाला कळे, ही आई जागरूक आहे.

पण हीच ताकद उलटी फिरवली तर काय होतं ते मी पाहिलं आहे. शेजारच्या एका गावात कुणीतरी लस न घेतलेल्यांची नावं व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकली. त्यात एका बाईचं नाव होतं. तिला तेव्हा दुसऱ्याच आजारासाठी औषधं चालू होती आणि तिच्या डॉक्टरांनीच थांबायला सांगितलं होतं. ग्रुपवर हे लिहिणार कसं आणि का? ती इतकी दुखावली की नंतर कितीतरी महिने आमच्या आशाताईला तिने दारात उभं केलं नाही, आणि त्या घरातल्या नातवाचा गोवराचा दुसरा डोस लांबला. ज्याने यादी टाकली त्याला वाटलं असेल आपण गावाचं भलं करतोय. शिवाय अशी यादी गावाला भलतंच सांगते: बघा, एवढे लोक घेत नाहीत, घेतली नाही तरी चालतं.

काही ठिकाणी लस नाही तर रेशन नाही, असंही सांगितलं गेलं. त्याला मी नज म्हणणार नाही. ज्याच्या घरात तांदूळ नाही त्याला तांदूळ दाखवून सुईसाठी हात पुढे करायला लावणं ही सक्ती आहे. २ मे २०२२ ला सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की कुणालाही लस घेण्याची जबरदस्ती करता येत नाही, आणि सार्वजनिक आरोग्यासाठी घातलेली बंधनंही प्रमाणात हवीत. मला तो निकाल आमच्या कामाच्या बाजूचा वाटतो. मला त्या घरात कोविडनंतरही पेंटा घेऊन जायचं असतं, धनुर्वात-घटसर्पाची टीडी लस घेऊन जायचं असतं.

मोठी बक्षिसंही नेहमी चालत नाहीत. अमेरिकेतल्या ओहायो राज्याने मे २०२१ मध्ये लस घेणाऱ्यांसाठी दहा लाख डॉलरच्या पाच सोडती जाहीर केल्या. नंतर काही अभ्यासकांनी आकडे तपासले तेव्हा त्यांना सोडतीमुळे लसीकरण वाढल्याचा पुरावा मिळाला नाही. ज्याला भीती वाटते त्याची भीती सोडतीने जात नाही.

आणि काही माणसांना खरंच भीती वाटते. त्यांच्याबाबतीत एसटीची वेळ विचारून, कार्डावर तारीख लिहून काही होत नाही, आणि करूही नये. आमच्याकडच्या एका गृहस्थांचा भाऊ लस घेतल्यानंतर काही दिवसांनी हृदयविकाराने गेला. त्याला आधीपासून त्रास होता. पण घरच्यांच्या मनात त्या दोन घटना एकमेकींना चिकटल्या. मी त्यांच्याकडे जाऊन बसत असे. पहिल्या वेळी लसीचा विषयही काढला नाही, ते भावाबद्दल बोलले, मी ऐकलं. नंतर कधीतरी त्यांनीच विचारलं, "सिस्टर, खरा सांगा, त्येच्यामुळेच गेलो काय?" मी सांगितलं की अशा प्रत्येक घटनेची नोंद होते, चौकशी होते, की एका गोष्टीनंतर दुसरी घडली म्हणजे पहिलीमुळेच घडली असं नसतं, आणि लसीचे दुर्मीळ गंभीर परिणाम असतात हेही खरं आहे, म्हणूनच आम्ही अर्धा तास बसवून ठेवतो. त्यांनी स्वतः शेवटपर्यंत लस घेतली नाही. पण त्यांच्या सुनेने बाळाच्या सगळ्या लसी वेळेवर केल्या आणि दर वेळी बाळाला घेऊन तेच आले.

आंब्याच्या बागांत राखणदारी करणारी नेपाळी कुटुंबं हा आमच्याकडे आणखी एक कोपरा. बागेत खोपटी, वर्षातले काही महिने इथे, काही तिकडे, मुलांची कार्डं कुठेतरी ट्रंकेत किंवा हरवलेली. त्यांच्यात लसीला नाही म्हणणारं कुणी मला भेटलेलं नाही. फक्त बाग सोडून जायची परवानगी आणि बुडालेली मजुरी हे दोन अडसर असतात. इथे मी मेहनत आईवर करत नाही, बागायतदारावर करते. त्याने सांगितलं की अर्धा दिवस जा, मजुरी कापणार नाही, तर सगळी मुलं येतात. नाहीतर फवारणी नसलेला दिवस बघून आम्हीच वाहकपेटी घेऊन बागेत जातो. हरवलेल्या कार्डाच्या जागी नवं कार्ड करून त्याचा फोटो आईच्या मोबाइलमध्ये काढून देते, म्हणजे पुढच्या गावच्या सिस्टरला कळेल कुठवर झालंय.

हाच घोळ आमच्या मुंबईच्या सुनांचा होतो, आणि हे वाचणाऱ्यांत चाकरमानी बरेच असतील म्हणून लिहिते. पहिलं बाळंतपण माहेरी, कोकणात. जन्माचे बीसीजी, पोलिओ इथे होतात, पहिला पेंटाही बहुधा इथेच. मग बाळ मुंबईला जातं आणि इथल्या यादीत 'स्थलांतरित' असा शेरा पडतो. तिथे नवीन वस्तीत कोण विचारणार? अडीच महिन्याचा डोस दोन घरांच्या मध्ये कुठेतरी राहून जातो. तेव्हा मुंबईला निघायच्या आधी मला भेटा, मी पुढच्या तिन्ही तारखा लिहून देते. तिथलं जवळचं लसीकरण केंद्र कोणतं आणि बाळाला घेऊन कोण जाणार हे आपण इथेच ठरवू. आणि गणपतीला गावी येताना पाच वर्षांखालच्या मुलांची कार्डं सामानात टाका. एखादा डोस राहिला असेल तर पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही, राहिला तिथून पुढे देता येतो. त्या आठवड्यात आमचं सत्र असतं. वेळ आशाताईंकडे विचारून घ्या, आरतीच्या आधी मोकळे व्हाल अशीच ठेवू.